तिसरा दणका

इमारत पाडायची नाही, एवढं एकच मला त्या दिवशी हवं होतं. त्यासाठी मी संस्थेच्या प्रत्येक बैठकीत भांडले, वर्तमानपत्रांत लिहिलं, लोकांच्या डोक्यात गेले. मुलं मला पाठीमागे 'तोफ' म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणोत बापडी. इतिहास शिकवणाऱ्या बाईला सैनिकी शाळेत तोफ म्हटलं तर तो मानच समजायचा.

नगरहून सुप्याकडे निघालं की कारखान्यांच्या शेडी सुरू व्हायच्या आधी माळावर आमची शाळा लागते. इंग्रजांच्या वेळी इथे घोडदळासाठी घोडी तयार करायचे. मधला मोठा हॉल घोडी फिरवण्यासाठी. काळ्या दगडाच्या भिंती, जमीन मातीची, वर उंच कौलारू छप्पर, आणि तिन्ही बाजूंनी सागवानी गॅलरी. तिथे खुर्च्या टाकून साहेब लोक खाली फिरणारी घोडी बघत बसायचे. गॅलरीला खाली एकही खांब नाही, कारण खांब असते तर घोडी धडकली असती. सगळ्या तुळया भिंतीत खोल रोवलेल्या, आणि त्यांच्यावर फळ्या. घोडी गेली, साहेब गेले, मग कॅप्टन दिघ्यांनी तिथे शाळा काढली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाणारी मुलं इथे घडवायची, हा त्यांचा ध्यास. आजूबाजूची गावं मात्र अजून तिला घोडेशाळाच म्हणतात.

आता संस्थेला तिथे काचेची नवी इमारत हवी होती. माझ्या अर्जावरून पुण्याची एक समिती जुनी इमारत बघायला यायची होती. जतन करण्यासारखी आहे असं त्यांनी म्हटलं की पाडापाडीला खीळ बसणार होती. मी त्यांना मुद्दाम स्थापना दिनालाच बोलावलं. कारण त्या दिवशी दणका असतो.

दणका म्हणजे काय ते सांगते. कॅप्टन दिघ्यांच्या वेळी असाच एक सरकारी साहेब इमारतीची तपासणी करायला आला होता. गॅलरी मुलांचं वजन पेलेल का, अशी त्याला शंका. कॅप्टननी सगळी शाळा वर उभी केली आणि हुकमावर उजवा पाय आपटायला लावला. तीनदा. साहेबाने खाली उभ्या उभ्या सही केली. तेव्हापासून दर स्थापना दिनाला शेवटच्या वर्षाची मुलं गॅलरीत उभी राहून तीन दणके देतात. एक दणका दिला की त्याचा घुमारा पुरता विरेपर्यंत थांबायचं, मगच पुढचा. ऐकणाऱ्याच्या छातीत तो आवाज शिरतो. पुण्याच्या लोकांना इमारतीची ताकद दाखवायची तर याहून चांगला पुरावा कोणता? कार्यक्रमपत्रिकेत दणका सगळ्यात वर मीच घातला.

आणखी एक रीत आमच्याकडे कॅप्टनच्या काळापासून चालत आली आहे. मुलांना ज्याने सावधान केलं, त्यानेच विश्राम म्हणायचं. मध्ये दुसरा कोणी, अगदी प्राचार्य जरी आले, तरी मूल हलत नाही. नवीन आलेली पोरं यावर हसतात. महिन्याभरात हसायची थांबतात, कारण आमच्या ग्राउंडवर कवायतीला नूरुद्दीन उस्ताद असतात.

उस्ताद रणगाडा दलातून निवृत्त झालेले दफादार, सुप्याचेच. बारीक चणीचा माणूस, पण आवाज असा की माळावरची मेंढरं दचकावीत. त्यांचं आणि माझं फारसं पटत नसे. मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवायची, ते न विचारायला. स्टाफरूममध्ये आमची यावरून रोजची चकमक.

"मॅडम, तुमच्या तासाला पोरं लई बोलायला शिकल्यात," ते म्हणायचे.

"आणि तुमच्या तासाला खांब व्हायला," मी म्हणायची. यावर ते मिशीत हसायचे.

तर स्थापना दिनाची सकाळ. प्राचार्य कर्नल निमसे कडक इस्त्रीत. हे स्वतः याच शाळेचे विद्यार्थी, त्यामुळे इमारतीवर माझ्याइतकाच त्यांचा जीव. संस्थेपुढे उघड बोलायचे नाहीत, पण आतून माझ्या बाजूचे. दुपारी परेड होती आणि तिला एक मोठे लष्करी अधिकारी यायचे होते. पावसाळ्यात पन्हळ तुंबून उत्तरेच्या भिंतीवर ओल आली होती. पाहुण्यांच्या नजरेस पडायला नको म्हणून आम्ही दोघांनी मिळून तिथे गिलावा करून पांढरा रंग फासून घेतला होता. भिंत नवरीसारखी सजली होती.

समितीचे तिघे आले. त्यांच्यातली मोनिका नावाची वास्तुतज्ज्ञ तिशीची असेल. तिने हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मान वर करून "अरे वा" म्हणाली. त्या दोन शब्दांनी मी जिंकलेच असं मला वाटलं. आम्ही खाली उत्तरेच्या भिंतीशी उभे होतो. वर तिन्ही बाजूंनी मुलं चमकत्या बुटांत ताठ उभी. मधल्या, उत्तरेच्या बाजूला परेड कमांडर अमृत, शेवगावकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला उंच मुलगा. जिन्याच्या वरच्या तोंडाशी उस्ताद.

"परेड, सावधान!" उस्तादांनी हुकूम दिला.

मग पहिला दणका. नेहमीसारखाच. दगडातून, मातीतून तळपायात चढला. मोनिकाने छातीवर हात ठेवला आणि हसली. घुमारा विरला.

दुसरा दणका. या वेळी माझ्या खांद्यावर काहीतरी पडलं. मी झटकलं. चुना होता. वर पाहिलं तर आमच्या नव्या पांढऱ्या रंगात, तुळई भिंतीत शिरते तिथे, वरच्या बाजूने एक काळी रेघ उघडली होती. शेजारच्या तुळईवरही तशीच. चुना बारीक धारेने गळत होता, गिरणीत पीठ गळतं तसा.

मोनिकानेही ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "टोकं भिंतीतून निसटतायत. मुलांना खाली घ्या. आत्ता. पण धावायला लावू नका."

मी मागे हॉलच्या मध्याकडे सरले आणि वर बघून ओरडले, "खाली या! सगळे खाली या!" एकही मान हलली नाही. अमृत वर माझ्या अगदी समोर होता. माझा आवाज त्याच्या कानात गेला हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. पण त्याला सावधान मी केलं नव्हतं. मी पुन्हा ओरडले. खाली हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले कर्नल निमसे माझ्याकडे रागाने बघायला लागले, बाईचं डोकं फिरलं का म्हणून. उस्तादांना जिन्याच्या तोंडावरून उत्तरेची भिंत दिसत नव्हती. ते डोळे मिटून घुमारा विरायची वाट बघत होते.

तो विरायच्या आत मला वर पोचायचं होतं. जिना बाहेरच्या अंगाला, दगडी, उंच पायऱ्यांचा. माझे गुडघे कुरकुरणारे. त्या पायऱ्या मी कशा चढले ते मला सांगता येणार नाही. साडीचा काठ पायात आला, चप्पल निसटली, एवढंच आठवतं. मनात एकच होतं की आत्ता ते तोंड उघडतील. वर पोचले तेव्हा उस्तादांनी छाती भरून श्वास घेतला होता. मी माझा तळहात त्यांच्या तोंडावर दाबला.

सगळ्या शाळेदेखत एका बाईने उस्तादांचं तोंड दाबलं. कोणी हसलं नाही. त्यांचे डोळे एवढे मोठे झाले की मला वाटलं हा माणूस मला खाली ढकलणार.

"तिसरा नको," मी धापा टाकत म्हटलं. "उत्तरेकडे बघा."

त्यांनी मान वाकवून पाहिलं. अमृतच्या पायाखालची फळी भिंतीपासून बोटभर सुटली होती. उस्तादांनी माझा हात अलगद बाजूला केला आणि त्यांच्या ओठांवर हुकूम आला, "दाहिने..." तिथेच ते थांबले. मला क्षणभर कळेना का थांबले. मग कळलं आणि अंगावर काटा आला. वळायचा हुकूम म्हणजे शेवटी पाय आपटायचा. इतकी वर्षं त्यांनीच तसं शिकवलं होतं. आता वळायला सांगितलं तर सगळी मुलं मिळून आपण होऊन तिसरा दणका देणार होती.

"पोरांनो," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून परेडवर कधी ऐकला नव्हता. "बूट काढा. बसू नका. वाकून, हळू काढा. आपटू नका."

मुलांनी बूट काढले. आणि बघा सवय कशी असते. जीव टांगणीला लागलेला असतानाही प्रत्येकाने आपले बूट जोडीने, टाचेला टाच लावून, समोर रांगेत ठेवले.

"आता भिंतीला पाठ घासत माझ्याकडे या. एकेक."

मुलं निघाली. चारदोन पावलं गेली नाहीत तोच गॅलरी हलायला लागली. खालीवर, खालीवर, झुल्यासारखी. मोज्यांतल्या पावलांचा आवाज होत नव्हता, पण डावं-उजवं, डावं-उजवं, सगळी एका तालात पडत होती. त्या पोरांना वेगळं चालताच येत नव्हतं. खालून मोनिका किंचाळली, "ताल तोडा!"

"पावलं मोडा रे!" उस्ताद दबक्या आवाजात म्हणाले. "मोडा म्हणतो ना!"

पोरं गोंधळली. मोडायचं म्हणजे काय करायचं? एक जण थांबला तर मागचाही थांबला, चालला तर मागचाही तालात चालला. फळी करकरली. तेव्हा उस्ताद अमृतकडे बघून म्हणाले, "अमृत, तुमच्या शेवगावच्या बाजारात कसं चालतात? मधी गाय आडवी, शेजारी मिरचीची पोती, मागनं टेम्पो हॉर्न देतोय. तसं चाल. सगळे तसंच चाला. आपापल्या गावच्या बाजारात हाय असं समजा."

अमृतने एक पाऊल टाकलं, मग तिरपा झाला, मग थबकला, मग दोन छोटी पावलं. मागचा पुणतांब्याचा मुलगा, त्याच्या मागचे, सगळे आपापल्या बाजारात शिरले. कोणी अंग चोरून, कोणी खांदा पुढे काढून. गॅलरीचं हलणं हळूहळू थांबलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून एकेकाचा दंड धरून त्याला पायरीवर घेत होते. मला वाटत होतं ही रांग कधी संपणारच नाही. सगळी मुलं उतरल्यावर अमृत आला आणि सगळ्यात शेवटी उस्ताद, तेही बूट हातात घेऊन.

खाली आलो आणि मी मातीत बसकण मारली. मला रडू येत होतं. मुलं वाचली म्हणून, आणि इमारत हातची गेली म्हणूनही. समितीसमोर तिचं गुपित फुटलं होतं आणि तो कार्यक्रम मीच आखला होता. मोनिका माझ्याजवळ वाकून म्हणाली, "वर कोणीही जाऊ नका. मांजरसुद्धा नको." मग ती तिच्या सहकाऱ्यांना घेऊन मागच्या बाजूचं छप्पर आणि पन्हळ बघायला गेली.

पण गॅलरी पडली नाही. दुपार चढली तरी तशीच उभी. खालून बघणाऱ्याला तर काहीच दिसत नव्हतं, फक्त वर ओळीने मांडलेले बूट आणि त्यांच्यावर पडलेलं ऊन. संस्थेच्या एका सदस्याने माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हटलं, "बाईंनी उगीच पळापळ केली." मला स्वतःलाही शंका यायला लागली. खोटं कशाला सांगू, मनातून मला तेच हवं होतं. मी चुकलेली असावी आणि ती उभी राहावी.

परेडची वेळ जवळ आली. पाहुण्यांची गाडी नगरमधून निघाल्याचा फोन आला. आणि शेवटच्या वर्षाची सगळी मुलं मोज्यांवर. कर्नल निमसे हॉलमध्ये जाऊन आले. त्यांनी गॅलरीखाली उभं राहून वर पाहिलं, काठीने तुळईला ठोकून पाहिलं. बाहेर आले ते निश्चय करूनच.

"अमृत, वर जा. एकटाच जा. सगळे बूट जिन्याजवळ आणून खाली दे."

मी उठले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले. "कोणी वर जाणार नाही, सर."

"मॅडम, एवढी पोरं वर नाचली तेव्हा पडली नाही. एका पोराच्या वजनाने पडेल?"

"गॅलरीने काय तुम्हाला लिहून दिलंय?"

"मी स्वतः त्या गॅलरीत दणका दिलाय," त्यांचा आवाज चिरकला. "अनवाणी परेड झाली तर उद्या हीच बातमी होईल. मग इमारतही जाईल आणि शाळेची अब्रूही. तुम्हालाच ती वाचवायची होती ना? उठा. अमृत, चल."

अमृत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, बाजूला व्हा ना. सरांचा हुकूम हाय."

"नाही होणार."

"मग मी कडेनं जातो. माझा नाइलाज हाय, मॅडम." जिना रुंद होता. मी काही तो पुरता अडवू शकत नव्हते. मी त्याचा हात धरला, त्याने नम्रपणे सोडवून घेतला. तरणं पोर ते. मी पुन्हा ओरडले, शिव्याच घातल्या म्हणा. त्याने एक पाय पायरीवर ठेवला.

"अमृत! सावधान!"

मागून उस्तादांचा आवाज आला. अमृत पायरीवरून मागे आला, टाचा जुळल्या, हात शिवणीला चिकटले, नजर समोर. उस्ताद चालत आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले.

"उस्ताद, हे काय?" कर्नल म्हणाले.

"काही न्हाई, साहेब. पोराला उभं केलंय."

"अमृत, वर जा!"

अमृत हलला नाही. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो डोळ्यात गेला, तरी पापणी लवली नाही. कर्नलनी आणखी एकदा हुकूम दिला, मोठ्याने. मग उस्तादांकडे वळले. "विश्राम द्या त्याला."

"न्हाई देत, साहेब."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. तुमी बी याच ग्राउंडावर शिकलात. सावधान कुणी केलं हुतं, तुमाला ठावं हाय."

कर्नल निमसे काही बोलणार होते. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आतून आधी एक लांब करकर आली, जुनं दार कोणीतरी सावकाश उघडावं तशी. मग तिसरा दणका. आमच्या पाठीमागची भिंत थरथरली, पायरी हलली, हॉलच्या दारातून आणि खिडक्यांतून पांढरा धुरळा बाहेर फेकला गेला. त्यात काहीच दिसेना. फक्त आवाज. फळ्या पडतायत, कौलं पडतायत, आणि शेवटी बारीक बारीक ठक ठक. ते बूट होते.

धुरळा बसायला वेळ लागला. जिन्याच्या वरच्या टोकाला, जिथे गॅलरीचं तोंड होतं, तिथे आता नुसतं आभाळ होतं. मुलं मैदानावरून आणि समितीचे तिघे मागच्या बाजूने धावत आले आणि लांबच थांबले. मी उस्तादांचा दंड घट्ट धरून बसले होते, कधी धरला ते मला आठवत नाही.

समोर अमृत उभा होता. डोक्यापासून पायांपर्यंत चुन्याने पांढरा. ताठ. हात शिवणीला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चुन्यात दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या. टाचा सुटल्या नव्हत्या.

कर्नल निमसे त्याच्याजवळ गेले. त्यांनी दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. "विश्राम, बाळ," ते म्हणाले. "विश्राम." अमृत हलला नाही.

कर्नलनी मान वळवून उस्तादांकडे पाहिलं. ते आता हुकूम करत नव्हते, विनवत होते. उस्ताद उठले. तोंड उघडलं. पण त्या आवाजाच्या माणसाच्या घशातून शब्द बाहेर पडेना. छाती नुसती भात्यासारखी हलत होती आणि मिशीवरून आसवं गळत होती. मी पाठीवर हात फिरवला, कोणीतरी पाणी आणलं, ते त्यांनी नको म्हणून बाजूला सारलं. पोर वाट बघत होतं.

शेवटी उस्तादांनी दोन पावलं पुढे टाकली, अमृतच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, घरातल्या झोपलेल्या मुलाला बोलावं तसं, म्हणाले, "विश्राम."

अमृतने डावा पाय बाजूला घेतला. मग तो तिथेच खाली बसला आणि उस्तादांच्या पायांना मिठी मारून हमसून हमसून रडायला लागला.

इमारत गेली. तिचा इतिहास मी अजून लिहिते आहे आणि तो कुठे संपवायचा हे मला आता माहीत आहे. त्या दुपारी मला फक्त त्या पोराचं रडणं ऐकू येत होतं, आणि देवाशपथ सांगते, त्या घोडेशाळेत मी ऐकलेला सगळ्यात चांगला आवाज तोच होता.